जैविक कृत्रिम हृदयझडपांचा टिकाऊपणा

जैविक कृत्रिम हृदयझडप म्हणजे प्राण्याच्या किंवा मानवाच्या ऊतकापासून तयार केलेली आणि निकामी झालेल्या मूळ झडपेच्या जागी बसवली जाणारी झडप होय. डुकराच्या हृदयातील महाधमनी झडप आणि गाय-बैलांच्या हृदयाभोवतीचे पातळ, चिवट आवरण, म्हणजेच हृदयावरण, ही अशा झडपांची दोन प्रमुख साधने आहेत. धातू व कार्बनच्या यांत्रिक झडपेप्रमाणे या झडपेसाठी रक्त गोठू न देणारे औषध सहसा आयुष्यभर घ्यावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. तिची प्रमुख मर्यादा म्हणजे ती झिजते. यांत्रिक झडप रुग्णाच्या आयुष्यापेक्षा अधिक टिकू शकते, तर जैविक झडपेचे ऊतक काही वर्षांनी कडक होते किंवा फाटते आणि झडप पुन्हा बदलण्याची वेळ येऊ शकते.

‘जैविक झडप किती वर्षे टिकते?’ या प्रश्नाला बहुधा ‘१० ते २० वर्षे’ असे उत्तर दिले जाते. हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे. एकाच कारखान्यात, एकाच पद्धतीने बनवलेली झडप ८० वर्षांच्या व्यक्तीत अखेरपर्यंत उत्तम चालते, तर ३५ वर्षांच्या व्यक्तीत दहा-बारा वर्षांत निकामी होऊ शकते. झडपेचे आयुष्य तिच्या रचनेइतकेच ती ज्या शरीरात बसवली आहे त्या शरीरावर अवलंबून असते.

झडपेवर पडणारा ताण

मानवी हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा, म्हणजे वर्षाला साडेतीन ते चार कोटी वेळा आकुंचन पावते. प्रत्येक ठोक्याला झडपेच्या पाकळ्या एकदा उघडतात आणि एकदा मिटतात. मूळ झडपेच्या पाकळ्यांत जिवंत पेशी असतात व त्या झिजलेले कोलॅजेन तंतू सतत दुरुस्त करत राहतात. कृत्रिम झडपेतील ऊतक मृत असते. त्याला पडलेली सूक्ष्म चीर कधीही भरून येत नाही. ती प्रत्येक ठोक्याबरोबर थोडी वाढते.

झडपेच्या स्थानानुसार हा ताण बदलतो. डावे अलिंद व डावे निलय यांच्यामधील द्विदल झडप निलयाच्या आकुंचनाच्या वेळी मिटते, त्यामुळे तिला पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटर इतका दाब रोखून धरावा लागतो. महाधमनी झडप निलय शिथिल असताना मिटते आणि तिच्यावरील दाब ८० मिलिमीटरच्या आसपास असतो. जैविक झडपा द्विदल स्थानी महाधमनी स्थानापेक्षा लवकर निकामी होतात, याचे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब याहून बराच कमी असतो.

विक्रीपूर्वी प्रत्येक नव्या झडपेची चाचणी यंत्रावर घेतली जाते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार लवचिक पाकळ्यांच्या झडपेने किमान २० कोटी वेळा उघडझाप करूनही कार्यक्षम राहणे आवश्यक असते. हृदयाच्या हिशेबात ही साधारण पाच ते साडेपाच वर्षे झाली. यंत्रातील द्रवात मात्र रक्तपेशी नसतात, रोगप्रतिकारक यंत्रणा नसते आणि शरीरातील कॅल्शियमची उलाढालही नसते. त्यामुळे ही चाचणी यांत्रिक झीज दाखवते. खऱ्या ऱ्हासाचा मोठा भाग तिच्या कक्षेबाहेरच राहतो.

इतिहास

१९६० साली अमेरिकेत अल्बर्ट स्टार आणि अभियंता लॉवेल एडवर्ड्स यांनी विकसित केलेली चेंडू-पिंजरा झडप द्विदल स्थानी यशस्वीरीत्या बसवण्यात आली. या झडपांवर रक्ताच्या गुठळ्या होत असल्याने जिवंत ऊतकाकडे लक्ष वळले. १९६२ मध्ये लंडनमध्ये डोनाल्ड रॉस आणि त्यानंतर लवकरच ऑकलंडमध्ये ब्रायन बॅरट-बॉइज यांनी मृत मानवी दात्याची महाधमनी झडप रुग्णाच्या हृदयात बसवली. मानवी झडपांचा पुरवठा अर्थातच अपुरा होता.

१९६५ मध्ये पॅरिसमध्ये झाँ-पॉल बिने, आलाँ कार्पांतिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराची झडप माणसात बसवली. सुरुवातीच्या या झडपा काही महिन्यांत किंवा थोड्याच वर्षांत निकामी झाल्या. जपणुकीसाठी वापरलेल्या रसायनांनी ऊतक निर्जंतुक होत असे, परंतु परके प्रथिन शरीराला ओळखू येई आणि दाहक पेशी ते पोखरून टाकत. कार्पांतिए यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाचा अवलंब केला. कातडे कमावण्याच्या उद्योगात हे रसायन परिचित होते. ते कोलॅजेनच्या तंतूंमध्ये आडवे रासायनिक बंध निर्माण करते. त्यामुळे ऊतक चिवट होते आणि त्याची परकेपणाची खूणही बरीच झाकली जाते. एका अर्थाने जैविक झडप हे अत्यंत काळजीपूर्वक कमावलेले कातडेच होय. आजच्या बहुतेक सर्व जैविक झडपा याच प्रक्रियेवर आधारलेल्या आहेत, आणि त्यांचा मुख्य दोषही याच प्रक्रियेतून येतो.

१९७० च्या सुमारास चौकटीवर बसवलेली हॅनकॉक झडप व त्यानंतर कार्पांतिए-एडवर्ड्स झडप बाजारात आली. या पहिल्या पिढीत डुकराची झडप उच्च दाबाखाली ताणून रसायनात बुडवली जाई. कोलॅजेनच्या तंतूंना नैसर्गिक नागमोडी घड्या असतात आणि पाकळी वाकताना त्या स्प्रिंगसारख्या उलगडतात. उच्च दाबाने या घड्या कायमच्या सपाट होत आणि पाकळी वाकण्याऐवजी दुमडू लागे. पुढील पिढ्यांत ही प्रक्रिया अत्यल्प किंवा शून्य दाबाखाली केली जाऊ लागली.

इंग्लंडमधील लीड्स येथे मारियन आयोनेस्कू यांनी १९७१ मध्ये गोवंशीय हृदयावरणापासून तीन पाकळ्या शिवून झडप तयार केली. डुकराच्या झडपेत एका पाकळीच्या बुडाशी स्नायूचा उंचवटा असतो व तो रक्तप्रवाहाला अडथळा करतो. शिवलेल्या झडपेत असा अडथळा नव्हता. आयोनेस्कू-शायली या नावाने ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, परंतु काही वर्षांनी तिच्या पाकळ्या अचानक फाटू लागल्या. पाकळीला आधार देणाऱ्या टाक्यापाशी ताण एकवटत होता आणि उघडताना पाकळी कापड लावलेल्या चौकटीवर घासत होती. दोष ऊतकाचा नव्हता, शिवणीचा होता. १९८० च्या दशकात ही झडप वापरातून गेली. त्याच दशकाच्या आरंभी आलेल्या कार्पांतिए-एडवर्ड्स पेरिमाउंट झडपेत हृदयावरण लवचिक चौकटीच्या आतील बाजूस बसवून आधाराचा तो टाका टाळण्यात आला. दीर्घकालीन टिकाऊपणाची तुलना आज बहुधा याच झडपेशी केली जाते.

ऱ्हासाची कारणे

झडप निकामी होण्याचे सर्व प्रकार टिकाऊपणाच्या व्याख्येत बसत नाहीत. जंतुसंसर्ग, गुठळी, टाक्यांच्या कडेने होणारी गळती किंवा झडपेवर वाढणारी तंतुमय ऊतकाची साय ही वेगळी कारणे आहेत. पाकळ्यांच्या स्वतःच्या कायमस्वरूपी बिघाडाला ‘रचनात्मक ऱ्हास’ म्हटले जाते. त्याची दोन मुख्य रूपे आहेत. पाकळी कडक होऊन झडप अरुंद होते, किंवा पाकळी फाटून रक्त मागे गळू लागते. प्रत्यक्षात ही रूपे अनेकदा एकत्र आढळतात, कारण कडक झालेली पाकळी कॅल्शियमच्या खड्याच्या काठाशीच फाटते.

कॅल्सीभवन, म्हणजे ऊतकात कॅल्शियम फॉस्फेटचे क्षार साचणे, ही ऱ्हासाची सर्वांत महत्त्वाची प्रक्रिया आहे. जिवंत पेशी आपल्या आतील कॅल्शियम सतत बाहेर टाकते. बाहेरील द्रवातील कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा हजारो पटींनी अधिक असते. ग्लुटाराल्डिहाइडने मारलेल्या पेशीत हा उपसा थांबतो, परंतु पेशीची पटले जागच्या जागी राहतात. त्या पटलांतील फॉस्फोलिपिडांमध्ये फॉस्फेट असते. बाहेरून झिरपणारे कॅल्शियम त्याच्याशी संयोग पावते आणि हाडाच्या खनिजासारखे स्फटिक तयार होऊ लागतात. ऊतकात उरलेले मुक्त आल्डिहाइड गट याला आणखी हातभार लावतात. पाकळी जिथे सर्वाधिक वाकते तिथे, म्हणजे सांध्यांजवळ व बुडाशी, खडे प्रथम दिसतात.

दीर्घकाळ ही केवळ रासायनिक प्रक्रिया मानली जात असे. अलीकडे तिच्यातील रोगप्रतिकारक घटकाकडेही लक्ष वेधले गेले आहे. डुक्कर व गाय यांच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची शर्करा असते. मानवात ती नसते व मानवी रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे नैसर्गिकरीत्या आढळतात. रासायनिक प्रक्रियेनंतरही या शर्करेचा काही अंश उरतो. काढलेल्या झडपांत दाहक पेशी व मेदाचे साठेही आढळतात.

उत्पादक इथेनॉलने फॉस्फोलिपिडे धुऊन काढणे, अल्फा-अमिनो ओलेइक आम्लाने आल्डिहाइड गट निष्क्रिय करणे अशा कॅल्सीभवनविरोधी प्रक्रिया वापरतात. त्यांचे महत्त्व मिट्रोफ्लो झडपेच्या उदाहरणावरून दिसते. तिच्या जुन्या नमुन्यांवर अशी प्रक्रिया केलेली नव्हती आणि त्या, विशेषतः लहान मापाच्या, अपेक्षेपेक्षा लवकर निकामी झाल्याचे फ्रान्समधील अभ्यासात आढळले. ट्रायफेक्टा झडपेवर प्रक्रिया होती, तरीही तिच्या पाकळ्या लवकर फाटत असल्याचे अहवाल आले. दोन्ही झडपांत हृदयावरण चौकटीच्या बाहेरून गुंडाळलेले होते. या रचनेत रक्तप्रवाहाला मार्ग मोठा मिळतो, परंतु ऊतकावरील ताण वेगळ्या तऱ्हेने वाटला जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये ट्रायफेक्टाबाबत सूचना प्रसृत केली व त्याच वर्षी ती बाजारातून मागे घेण्यास सुरुवात झाली. नव्या झडपेची पहिली पाच वर्षे उत्तम जाणे म्हणजे ती टिकाऊ असल्याचा पुरावा नव्हे, हे या प्रकरणांवरून स्पष्ट झाले.

वयाचा परिणाम

रुग्णाचे वय हा टिकाऊपणाचा सर्वांत प्रभावी निर्देशक आहे. लहान मुलांत १९७० च्या दशकात बसवलेल्या डुकराच्या झडपा काही वर्षांतच कॅल्शियमने भरून गेल्या व त्यांचा तो वापर बहुतांशी सोडून द्यावा लागला. वाढत्या वयात कॅल्शियमची उलाढाल वेगवान असते आणि रोगप्रतिकारक प्रतिसादही तीव्र असतो. मूत्रपिंडाचा जुना विकार व परावटू ग्रंथीची अतिक्रिया यांतही हीच प्रक्रिया वेगाने घडते. शरीराच्या मानाने झडप लहान पडल्यास पाकळ्यांवरील ताण वाढतो. गर्भारपणामुळे ऱ्हास वेगावतो असा समज पूर्वी प्रचलित होता. नंतरच्या अनेक अभ्यासांनी त्याचे श्रेय गर्भारपणाऐवजी त्या स्त्रियांच्या तरुण वयाला दिले आहे.

फ्रान्समधील तूर येथे १९८४ ते २००८ या काळात पेरिमाउंट महाधमनी झडप बसवलेल्या २,६५९ रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ऱ्हासामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी न लागण्याचे २० वर्षांचे प्रमाण ६० वर्षे व त्याखालील गटात सुमारे ३८ टक्के, तर ६० ते ७० या गटात सुमारे ६० टक्के होते. ७० वर्षांवरील गटात १५ वर्षांचे प्रमाण ९८ टक्के होते. त्याच वर्षी क्लीव्हलँड क्लिनिकने १२,५६९ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात ऱ्हासामुळे झडप काढावी लागण्याचे २० वर्षांचे अनुमानित प्रमाण सर्व रुग्णांत १५ टक्के होते, पण साठीखालील रुग्णांत ४६ टक्के होते.

आकडे वाचताना

टिकाऊपणाची बहुतेक आकडेवारी विमाशास्त्रीय पद्धतीने काढलेली असते. ही पद्धत झडप चांगली असताना अन्य कारणाने मरण पावलेल्या रुग्णाला गणनेतून बाजूला काढते. समजा, १०० वृद्ध रुग्णांपैकी ८० जण पहिल्या दहा वर्षांत अन्य कारणांनी वारले व त्यांच्या झडपा अखेरपर्यंत उत्तम होत्या. उरलेल्या २० जणांपैकी ५ जणांच्या झडपा पुढील पाच वर्षांत निकामी झाल्या आणि या काळात कोणाचा मृत्यू झाला नाही. विमाशास्त्रीय पद्धतीने १५ वर्षांतील बिघाडाचे प्रमाण २५ टक्के येते. प्रत्यक्षात मात्र १०० पैकी ५ जणांनाच बिघडलेल्या झडपेला तोंड द्यावे लागले. पहिला आकडा झडपेविषयी सांगतो, दुसरा रुग्णाच्या वाट्याला काय येईल ते सांगतो. सर्वेक्षणाच्या सारांशात यांपैकी कोणता आकडा दिला आहे हे पाहिल्याखेरीज दोन झडपांची तुलना करणे निरर्थक ठरते.

दुसरी अडचण व्याख्येची आहे. जुने अभ्यास ‘पुन्हा शस्त्रक्रिया’ हीच बिघाडाची खूण मानत. झडप बिघडली, पण वय वा अशक्तपणामुळे शस्त्रक्रिया नाकारली गेली, असे रुग्ण त्यात मोजलेच जात नसत. त्यामुळे झडपा होत्या त्याहून टिकाऊ भासत. आता ऱ्हास इकोकार्डिओग्राफीने, म्हणजे बोलीभाषेतील ‘टूडी इको’ने, ठरवला जातो. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत पाकळीच्या रूपात बदल दिसतो, पण कार्य अबाधित असते. दुसरीत झडपेच्या दोन्ही बाजूंमधील सरासरी दाबफरक निदान १० मिलिमीटरने वाढून २० किंवा अधिक होतो. तिसरीत तो निदान २० ने वाढून ३० किंवा अधिक होतो. नवी गळती किती आहे हेही यासोबत पाहिले जाते. हा बदल मोजण्यासाठी शस्त्रक्रियेनंतर एक ते तीन महिन्यांनी केलेली पहिली तपासणी आधार म्हणून लागते. तो कागद हरवल्यास पुढील प्रत्येक तपासणीचा अर्थ लावणे कठीण होते, कारण लहान मापाच्या झडपेत मुळातच दाबफरक अधिक असू शकतो.

यांत्रिक झडपेशी तुलना

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १९७७ ते १९८२ दरम्यान ५७५ पुरुषांना चिठ्ठी पद्धतीने यांत्रिक किंवा डुकराची झडप देण्यात आली. पंधरा वर्षांनंतर, ६५ वर्षांखालील रुग्णांत जैविक झडपेचा मूलभूत बिघाड महाधमनी स्थानी २६ टक्के व द्विदल स्थानी ४४ टक्के आढळला. यांत्रिक झडपेत हे प्रमाण अनुक्रमे ० व ४ टक्के होते. महाधमनी स्थानी यांत्रिक झडपेच्या गटात मृत्यूही कमी होते, मात्र रक्तस्राव अधिक होते. कॅलिफोर्नियातील नोंदींवर आधारित २०१७ च्या अभ्यासात यांत्रिक झडपेचा जगण्यातील लाभ महाधमनी स्थानी वयाच्या ५५ वर्षांपर्यंत, तर द्विदल स्थानी ७० वर्षांपर्यंत आढळला.

अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार महाधमनी झडपेसाठी ५० वर्षांखाली यांत्रिक व ६५ वर्षांवर जैविक झडप सर्वसाधारणपणे योग्य मानली जाते, आणि मधल्या वयात निर्णय रुग्णासोबत चर्चेने घ्यायचा असतो. यांत्रिक झडपेसाठी आजही वॉर्फरिन किंवा असिनोकुमारॉल यांसारखी जुनी औषधे व त्यांसाठी नियमित आयएनआर तपासणी अपरिहार्य आहे. डाबिगाट्रान या नव्या औषधाची यांत्रिक झडपांतील चाचणी गुठळ्या व रक्तस्राव दोन्ही वाढल्याने मुदतीपूर्वी थांबवावी लागली व तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतातील संदर्भ

वरील मार्गदर्शक तत्त्वे प्रामुख्याने वार्धक्यामुळे झडप कडक होणाऱ्या समाजांत तयार झाली. भारतात झडपेच्या शस्त्रक्रियांचे एक मोठे कारण संधिवाती तापाने, म्हणजे रुमॅटिक तापाने, झालेली इजा हे आहे. तिचे रुग्ण तरुण असतात आणि बहुधा द्विदल झडपच बाधित असते. कमी वय आणि द्विदल स्थान या जैविक झडपेच्या टिकाऊपणाला प्रतिकूल असलेल्या दोन्ही गोष्टी येथे एकत्र येतात. त्यामुळे यांत्रिक झडपेकडे कल असणे स्वाभाविक आहे. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली व १९९० मध्ये प्रथम बसवलेली चित्रा झडप ही तुलनेने स्वस्त भारतीय यांत्रिक झडप याच गरजेतून निर्माण झाली.

तरीही प्रश्न सुटत नाही. आयएनआर तपासणीची सोय गावापासून दूर असेल तर औषधाची मात्रा चुकते. मात्रा कमी पडल्यास यांत्रिक झडप गुठळीने अडकते, अधिक झाल्यास मेंदूत वा पोटात रक्तस्राव होतो. मूल होऊ देण्याची इच्छा असलेल्या स्त्रीसाठी पेच अधिक तीव्र असतो. वॉर्फरिन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते व पहिल्या तिमाहीत गर्भात व्यंग निर्माण करू शकते. ते थांबवल्यास आईची झडप धोक्यात येते. अशा स्त्रीने जैविक झडप स्वीकारणे म्हणजे सुरक्षित मातृत्वाच्या बदल्यात दुसरी, कदाचित तिसरी, शस्त्रक्रिया पत्करणे होय. शक्य असेल तेथे मूळ झडपेची दुरुस्ती करणे किंवा फुग्याने ती रुंदावणे यांना म्हणूनच प्राधान्य दिले जाते.

महाधमनी झडपेबाबत तरुणांसाठी आणखी एक पर्याय आहे. डोनाल्ड रॉस यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या शस्त्रक्रियेत रुग्णाची स्वतःची फुप्फुसधमनी झडप महाधमनी स्थानी हलवली जाते आणि तिच्या जागी दात्याची झडप बसवली जाते. हलवलेले ऊतक जिवंत राहते. लंडनमधील एका चाचणीत दहा वर्षांनंतर अशा रुग्णांपैकी ९७ टक्के हयात होते. महाधमनी स्थानी दात्याची मृत झडप बसवलेल्या रुग्णांत हे प्रमाण ८३ टक्के होते. शस्त्रक्रिया अवघड असल्याने ती मोजक्या केंद्रांतच केली जाते.

कॅथेटरद्वारे बसवलेल्या झडपा

१६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रूआँ येथे आलाँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नेलेल्या नळीद्वारे महाधमनी झडप प्रथमच माणसात बसवली. या झडपाही गोवंशीय किंवा डुकराच्या हृदयावरणाच्याच असतात. गुजरातमधील वापी येथे बनणाऱ्या मायव्हाल झडपेला भारतात २०१८ मध्ये परवानगी मिळाली. नळीत मावावे म्हणून त्यांचे ऊतक घट्ट दाबून घडी केलेले असते. या दाबण्याने तंतूंना होणारी इजा आयुष्य घटवील, अशी भीती होती. डेन्मार्क व स्वीडनमधील २८० रुग्णांच्या नोशन चाचणीत दहा वर्षांनंतर तीव्र रचनात्मक ऱ्हास कॅथेटर गटात १.५ टक्के व शस्त्रक्रिया गटात १० टक्के आढळला. तथापि, या रुग्णांचे सरासरी वय ७९ होते आणि शस्त्रक्रिया गटात मिट्रोफ्लो व ट्रायफेक्टा झडपाही होत्या. साठीच्या रुग्णाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही.

या तंत्राचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी आहे. निकामी झालेल्या जैविक झडपेच्या आत नळीद्वारे नवी झडप बसवता येते. यामुळे दुसऱ्यांदा छाती उघडणे अनेकदा टळते व तरुण वयातही जैविक झडप निवडण्याकडे कल वाढला आहे. परंतु झडपेच्या आत झडप म्हणजे वाट आणखी अरुंद. पहिली झडप १९ किंवा २१ मिलिमीटरची असेल तर आतल्या झडपेला पुरेसे उघडता येत नाही, आणि बाहेर ढकलल्या गेलेल्या जुन्या पाकळ्या हृदयधमनीचे मुख झाकू शकतात. म्हणून पहिल्याच शस्त्रक्रियेत शक्य तितकी मोठी झडप बसवणे, प्रसंगी महाधमनीचे मूळ रुंदावणे, याला महत्त्व आले आहे.

नवी ऊतके

रेझिलिया या गोवंशीय ऊतकात मुक्त आल्डिहाइड गट कायमचे झाकून टाकले जातात व ते द्रवाऐवजी ग्लिसरॉलने कोरडे जपले जाते. या ऊतकाच्या महाधमनी झडपेचे सात वर्षांपर्यंतचे निष्कर्ष अतिशय चांगले असून रचनात्मक ऱ्हास अत्यल्प आढळला आहे. जुन्या झडपांतही तरुण रुग्णांतील ऱ्हास प्रामुख्याने आठ-दहा वर्षांनंतर डोके वर काढत असे. प्राण्याच्या ऊतकाऐवजी बहुवारिकांच्या पाकळ्या, तसेच पेशी धुऊन काढलेला सांगाडा शरीरात बसवून त्यात रुग्णाच्याच पेशींना वस्ती करू देणे, या दिशांनीही संशोधन चालू आहे. सांगाड्यात जिवंत पेशी खरोखर स्थिरावल्या, तर झडपेला प्रथमच स्वतःची दुरुस्ती करता येईल आणि मुलांच्या बाबतीत ती शरीराबरोबर वाढूही शकेल.